विज्ञानाचे शंभर गुण कुठून येतात?
(सामुदायिक रेडिओवरील ‘आपली लेक, आपली शाळा’ या भाषणमालेतून)

भाकऱ्या झाल्या असतील, धारा काढून झाल्या असतील. थोडा वेळ रेडिओजवळ बसा, आणि घरात नववी-दहावीचं लेकरू असेल तर त्यालाही बोलवा. आज आपण विज्ञानाच्या मार्कांबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय कळतंय विज्ञानातलं! आमच्या गटातल्या एका ताईंनीही हेच म्हटलं होतं. त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पोरगी निघाली, विज्ञानात राहिली. 100 पैकी 29. ताई गटाच्या बैठकीला आल्या त्या डोळे पुसतच. “पोरगी सायन्समध्ये ढ निघाली. आता तिचे बाबा म्हणतात, शाळा पुरे झाली, स्थळ बघू.” मुलीचं वय होतं सोळा.

बैठकीत सगळ्या गप्प झालो. मग आमच्यातली एक जण म्हणाली, “बाई, आपण बँकेनं नुसती शिल्लक सांगितली तर मान्य करतो का? पासबुक मागतोच ना? मग या 29चं पासबुक कुठंय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी ताईंबरोबर शाळेत गेलो. विज्ञानाच्या सरांना विचारलं, हे 29 आले कसे? सरांनी वही काढली आणि सांगितलं की प्रात्यक्षिकाच्या 20 गुणांपैकी मुलीला 5च गेले होते. आम्ही तिथेच हिशेब केला. 29 मधून 5 गेले, राहिले 24. म्हणजे लेखी पेपरात तिने 24 मिळवले होते. प्रात्यक्षिकात आणखी 6 गुण असते तर ती पास झाली असती. ते गुण का गेले? कांदा काढणीच्या दिवसांत ती पंधरा दिवस शाळेत नव्हती. त्यात चार प्रयोग बुडाले, प्रयोगवही अपुरी राहिली. परीक्षेच्या दिवशी उभी राहिली तर हातात परीक्षानळी कशी धरायची हेच तिला माहीत नव्हतं.

पोरगी ढ नव्हती. तिचे मार्क कांद्याच्या वाफ्यात राहिले होते. आणि त्या पंधरा दिवसांत काय बुडतंय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी शाळेतून येताना आम्ही ठरवलं की हा हिशेब आधी आपण समजून घ्यायचा आणि मग सगळ्यांना सांगायचा. तोच आज सांगतो आहोत.

शंभराची वाटणी

राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान हा विषय 100 गुणांचा आहे. पुस्तकं दोन, भाग 1 आणि भाग 2. दोन्हींचे पेपर वेगवेगळ्या दिवशी असतात. एकेक पेपर 40 गुणांचा आणि 2 तासांचा. झाले 80. उरलेले 20 प्रात्यक्षिकाचे. 40 अधिक 40 अधिक 20, एवढंच पाठ करून ठेवा.

हे सगळं मिळून 100 पैकी 35 गुण झाले की विषयात पास. निकालात एकूण टक्केवारी काढताना सहा विषयांपैकी सगळ्यात चांगले पाच विषय धरतात. त्याला मुलं ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. पण म्हणून सहावा विषय सोडून देता येत नाही, पास सगळ्यांत व्हावं लागतं. एकूण टक्केवारी 75 किंवा जास्त असेल तर विशेष प्रावीण्य, 60च्या वर प्रथम श्रेणी, 45च्या वर द्वितीय श्रेणी आणि 35च्या वर उत्तीर्ण.

आता त्या 20 गुणांकडे बघा. शंभरातला पाचवा हिस्सा. लेखी पेपरात कुठला प्रश्न येईल ते आपल्या हातात नाही. प्रात्यक्षिकाचे प्रयोग मात्र वर्षाच्या सुरुवातीपासून ठरलेले असतात आणि वर्षभर शाळेतच करून घेतले जातात. 20 पैकी 16 गुण हाती असलेली मुलगी आणि 5 गुण हाती असलेली मुलगी, दोघी लेखी पेपराला बसतात तेव्हा दोघींच्या छातीतली धडधड सारखी नसते.

लेखी पेपर कसा असतो

40 गुणांच्या पेपरात चार प्रश्न असतात. पहिला प्रश्न 10 गुणांचा. त्यात एकेका गुणाचे छोटे छोटे प्रश्न असतात: योग्य पर्याय निवडा, जोडी लावा, नाव सांगा, चूक की बरोबर, असे. दुसराही 10 गुणांचा. त्यात दोन गुणांची उत्तरं लिहायची: शास्त्रीय कारणे द्या, फरक सांगा, छोटं उदाहरण सोडवा. तिसरा 15 गुणांचा, तीन-तीन गुणांचे पाच प्रश्न सोडवायचे. चौथा एकच मोठा प्रश्न, 5 गुणांचा.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात ‘कोणतेही दोन’, ‘कोणतेही पाच’, ‘कोणताही एक’ अशी निवड असते. पहिल्यात निवड नसते, सगळंच सोडवायचं. म्हणून पहिल्या प्रश्नातलं काहीही रिकामं सोडू नये.

एक गोष्ट आम्हाला सरांनी सांगितली ती फार उपयोगाची आहे. गुण फक्त शेवटच्या उत्तराला नसतात, पायऱ्यांना असतात. समजा विजेचं उदाहरण आहे. विभवांतर 12 व्होल्ट, रोध 4 ओहम, तर विद्युतधारा किती? मुलानं मनातल्या मनात भाग दिला आणि नुसतं ‘3’ लिहिलं. उत्तर बरोबर, तरी गुण कापले जातात. आधी सूत्र लिहायचं, मग त्यात आकडे घालायचे, मग उत्तर, आणि उत्तरापुढे ‘अँपिअर’ हे एकक. आपण दुकानदाराला नुसतं ‘तीन द्या’ म्हणतो का? तीन किलो, तीन लिटर की तीन नग, हे सांगावंच लागतं. एकक म्हणजे तेच.

आणि उलटंही खरं. शेवटचं उत्तर चुकलं पण सूत्र बरोबर लिहिलं असेल, आकडे नीट घातले असतील, तर तेवढ्याचे गुण मिळू शकतात. म्हणून येत नाही म्हणून प्रश्न कोरा सोडायचा नाही. आकृती पेन्सिलीने काढायची, भागांना नावं द्यायची. रासायनिक समीकरण लिहिलं तर ते संतुलित करायचं, म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे आहेत का ते मोजायचं. आपला जमाखर्च दोन्ही बाजूंनी जुळतो ना, तसंच हे.

प्रयोगवही म्हणजे गटाचं रजिस्टर

बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला वेगळी सांगायला नको. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. यातलं पाचवं, लेखे, मागे पडलं की काय होतं हेही आपण भोगलं आहे. सहा महिन्यांचं रजिस्टर एका रात्रीत लिहायला बसलं की कुणाचे किती आले, कुणाचे राहिले, काहीच आठवत नाही.

प्रयोगवहीचं अगदी तसंच आहे. मुलं तिला जर्नल म्हणतात. प्रत्येक प्रयोगाचा उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण आणि अनुमान त्यात लिहायचं. प्रयोग केला त्याच आठवड्यात लिहायचं आणि शिक्षकांची सही घ्यायची. फेब्रुवारीच्या आसपास प्रात्यक्षिक परीक्षा येते तेव्हा मुलं मैत्रिणीची वही आणून रात्रभर उतरवत बसतात. त्या वहीत मैत्रिणीचं निरीक्षण असतं, स्वतःचं नसतं. परीक्षेत तोंडी विचारलं की “निळा लिटमस लाल झाला म्हणजे काय?” तर उतरवणारी गप्प. जिनं स्वतः कागद बुडवून पाहिला ती लगेच सांगते, “द्रावण आम्ल आहे.”

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. काही शाळांत प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप वर्षभर निघत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी असते, रसायनं संपलेली असतात, आणि मुलांना फळ्यावरून प्रयोग उतरवून दिले जातात. आमच्या ओळखीच्या एका शाळेत हेच चाललं होतं. पालक म्हणायचे, “मार्क देतात ना, मग झालं.” पण प्रयोग न करता मिळालेले मार्क उसन्या दागिन्यांसारखे. लग्नापुरते अंगावर, नंतर परत. पुढे अकरावीला, आयटीआयला, नर्सिंगला गेलेल्या मुलीच्या हातात ते काम नसतं, आणि तिथे ती पहिल्याच दिवशी बिचकते.

त्या शाळेत बायकांनी भांडण केलं नाही. पालकसभेत उठून एवढंच विचारलं, “यंदा किती प्रयोग झाले आणि किती राहिले, तेवढं सांगा.” दोन सभांत हा प्रश्न विचारला. तिसऱ्या सभेच्या आधी कपाट उघडलं होतं.

प्रयोगशाळेचे नियम आणि त्यांची कारणं

नियम म्हटलं की मुलांना जाच वाटतो. पण प्रयोगशाळेच्या एकेका नियमामागे कुणाचा तरी भाजलेला हात असतो. हे नियम आपणही ऐकून ठेवू, कारण यातले निम्मे चुलीजवळही लागू आहेत.

केस घट्ट बांधायचे, ओढणीची टोकं मागे बांधून घ्यायची. स्पिरिटचा दिवा पेटलेला असतो आणि नायलॉनची ओढणी क्षणात पेट घेते, वितळून कातडीला चिकटते.

दिवा फुंकून विझवायचा नाही, त्याचं टोपण वरून ठेवायचं. हवा मिळाली नाही की ज्योत आपोआप जाते.

परीक्षानळी तापवताना तिचं तोंड स्वतःकडे नाही आणि शेजारणीकडेही नाही. आतलं द्रावण एकदम उसळून बाहेर येतं.

आम्ल पातळ करायचं तर पाण्यात आम्ल, तेही थेंबाथेंबाने. आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही. दोन्ही मिसळताना खूप उष्णता निघते आणि वरून पाणी पडलं तर आम्ल उडतं. घरी संडास धुण्याचं आम्ल वापरताना हाच नियम लक्षात ठेवा.

कुठलीही गोष्ट चाखायची नाही. वास घ्यायचा तर बाटलीला नाक न लावता हाताने हवा आपल्याकडे ओढून घ्यायचा.

हातावर काही सांडलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, बराच वेळ. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावायचं नाही.

आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा. काच फुटली, काही सांडलं, तर ताबडतोब सांगायचं. हा नियम पाळला जातो की नाही हे मुलांवर कमी आणि शिक्षकांवर जास्त अवलंबून असतं. फुटलेल्या नळीसाठी मार बसत असेल तर मूल काचा खिशात लपवतं. सांगितल्याबद्दल रागावणार नाही, असं जिथं शिक्षक पहिल्याच दिवशी म्हणतात, तिथे अपघात कमी होतात. आपल्या घरालाही हे लागू आहे, नाही का?

हजेरी आणि बुडालेला दिवस

शाळेत नाव असलेल्या मुलामुलीला दहावीच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. शाळा 200 दिवस भरली तर 150 दिवस हजर पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या घरातले दिवस मोजा. कापूस वेचणी, कांदा, ऊसतोडीचं स्थलांतर, बहिणीचं बाळंतपण, धाकट्याचं आजारपण, यात्रा, लग्नसराई. आणि यातलं बहुतेक काम लेकाच्या आधी लेकीच्या वाट्याला येतं. त्यात पाळीचे दिवस. शाळेत पाणी नाही, संडासाला कडी नाही, म्हणून मुलगी महिन्यातले दोन-तीन दिवस घरीच राहते. दहा महिन्यांचे झाले वीस-तीस दिवस. त्यात विज्ञानाचे किती तास गेले याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो.

म्हणून शाळेत संडास आणि पाणी मागणं म्हणजे मार्क मागणंच आहे, हे आपण लक्षात घेऊ. आणि पाळीत मुलीनं प्रयोगशाळेत जाऊ नये, भांड्यांना हात लावू नये, असं कुणी घरात म्हणत असेल तर त्याला विज्ञानात काहीही आधार नाही. दहावीच्या भाग 2च्या पुस्तकात मासिक पाळीचा धडा आहे. लेकीकडून तो वाचून घ्या.

मूल खरंच आजारी पडलं तर? डॉक्टरचा दाखला जपून ठेवायचा आणि शाळेला लगेच कळवायचं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच आजारपण किंवा घरात मोठी अडचण आली आणि परीक्षा हुकली, तर मंडळ लेखी परीक्षेनंतर अशा मुलांसाठी वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा घेतं. तिला ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा म्हणतात. हा शब्द लिहून ठेवा. बऱ्याच घरांत हा शब्द माहीत नसतो म्हणून 20 गुण शून्य होतात. पण ही सोय आपोआप होत नाही. शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांना भेटून, अर्ज द्यावा लागतो, आणि तोही वेळेत.

अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्याचेही कागद वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत द्यावेत. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून भागत नाही.

कुठला नियम मान्य, कुठला नाही

वर्गाला शिस्त पाहिजे, यात वाद नाही. वेळेवर येणं, गृहपाठ वेळेत देणं, दुसऱ्याची वही न उतरवणं, बोलायचं तर हात वर करणं, मोबाइल न आणणं, हे नियम योग्यच आहेत. ते घरी आपणही उचलून धरले पाहिजेत. “सर उगाच रागावतात” असं मूल म्हणालं की आपण लगेच मुलाच्या बाजूने बोलतो. आधी नियम काय होता ते विचारावं.

पण मारणं हा नियम होऊ शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17ने मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे. छडी तर नाहीच, “तुझ्या आईनं शेणच काढलं, तू काय सायन्स शिकणार” असलं बोलणंही नाही. हे वाक्य आमच्यातल्या एकीच्या लेकीला ऐकावं लागलं होतं. पुढे कित्येक महिने ती वर्गात तोंड उघडत नव्हती. असं झालं तर आधी मुख्याध्यापकांना भेटा, एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी जा. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण कोण आहे ते विचारून ठेवा. मूल अडचणीत असेल तर 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि काही नियम योग्य असतात पण आपल्या गावाला बसत नाहीत. एका शाळेत नियम होता: पहिल्या तासाला उशीर झाला तर तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. पहिला तास विज्ञानाचा. वाडीवरून येणाऱ्या मुली एसटीने यायच्या आणि एसटी आठवड्यातून तीन दिवस उशिरा. म्हणजे चूक एसटीची आणि विज्ञान बुडायचं मुलींचं. गटातल्या बायकांनी महिनाभर एसटी किती वाजता आली ते वहीत लिहून ठेवलं. तो कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. विज्ञानाचा तास तिसरा झाला. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाची तक्रार झाली नाही. नोंद असली की बोलणं सोपं जातं, हे आपल्याला गटानेच शिकवलं आहे.

स्वयंपाकघरातली शास्त्रीय कारणं

आता तुमचा मघाचा प्रश्न. आम्हाला काय कळतंय विज्ञानातलं? मैत्रिणींनो, ‘शास्त्रीय कारणे द्या’ हा दोन-दोन गुणांचा प्रश्न निम्मा आपल्या हाताखालून जातो.

तांब्याचं कळकट भांडं आपण चिंचेने किंवा लिंबाने घासतो. का? हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे तांब्यावर कॉपर कार्बोनेटचा हिरवट थर चढतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, आणि भांडं लखलखतं. हा धातुविज्ञानाच्या धड्यातला प्रश्न आहे.

पितळेच्या पातेल्याला कल्हई का लावायची? आंबट पदार्थ तांब्या-पितळेशी क्रिया करतात आणि अन्न खराब होतं. कथिलाचा थर मध्ये आला की ते थांबतं.

पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो. का? साबण आम्लारीधर्मी आहे आणि आम्लारीत हळद रंग बदलते. पुढे भरपूर पाण्याने धुतलं की डाग पुन्हा पिवळा. म्हणजे लिटमस कागद प्रयोगशाळेतच असतो असं नाही, आपल्या मिसळणाच्या डब्यातही आहे.

कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? आत वाफेचा दाब वाढतो, त्यामुळे पाणी जास्त तापमानाला उकळतं.

आपल्याला उत्तर माहीत असायलाच पाहिजे असं नाही. आपण फक्त ‘का गं?’ एवढं विचारायचं. मुलीला चार वाक्यांत सांगता आलं तर तिला ते लिहिता येईल. सांगताना अडली तर तिलाच कळेल की कुठलं पान पुन्हा वाचायचं. आई शिकलेली नसेल तरी चालतं, आईनं ऐकायला बसलं पाहिजे.

राहिली तरी रस्ता आहे

आणि एवढं करूनही विषय राहिला तर? तर आभाळ कोसळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत राहिलेल्यांसाठी जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. वर्ष वाया जात नाही. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळण्याची सोय आहे, तिला एटीकेटी म्हणतात. राहिलेला विषय मात्र पुढे सोडवावाच लागतो.

लेखी पेपरात कमी गुण पडले असं वाटत असेल तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, आणि छायाप्रत पाहिल्यावर पुनर्मूल्यांकन मागता येतं. याला फी असते आणि निकालानंतर मोजकेच दिवस मुदत असते. म्हणून निकालाच्या आठवड्यात रडत बसू नका, शाळेत जा.

सोळा वर्षांच्या लेकीचं लग्न हा मात्र नापास होण्यावरचा उपाय नाही. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. राहिलेला विषय पाच महिन्यांत सुटतो, चुकलेलं लग्न सुटत नाही.

पुढच्या बैठकीचं काम

आता रेडिओ बंद करून विसरायचं नाही. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी घरून पाच प्रश्नांची उत्तरं आणायची.

एक, विज्ञानाचे किती प्रयोग झाले आणि लेकरानं स्वतः किती केले?
दोन, प्रयोगवहीत शेवटची सही कुठल्या तारखेची आहे?
तीन, या महिन्यात शाळा किती दिवस बुडाली आणि का?
चार, मागच्या चाचणीचा पेपर घरी आला का, आणि गुण कुठे गेले?
पाच, वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते का?

वाचता येत नसेल तर वही उघडून तारखेचा आकडा आणि सही तरी बघता येते. गटाच्या रजिस्टरवर आपण अंगठ्यावरून सहीवर आलो, तशाच यातही पुढे येऊ. जिथे शाळा व्यवस्थापन समिती आहे तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. माध्यमिक शाळेत शिक्षक-पालक संघ असतो. त्या खुर्च्या आपल्यासाठी आहेत. नुसत्या सहीपुरतं नाव देऊ नका, बसा आणि विचारा.

आणि हो, आपल्यातल्या ज्या बहिणींची दहावी राहून गेली आहे त्यांच्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. तो भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येतं. जवळच्या माध्यमिक शाळेत चौकशी करा. हे शंभर गुणांचं पासबुक आपल्या स्वतःच्या नावावरही निघू शकतं.

सुरुवातीला सांगितलेल्या ताईंच्या लेकीचं काय झालं, ते राहिलंच. आम्ही चौघी तिच्या बाबांशी बोललो. त्यांना 29ची फोड सांगितली, 5 आणि 24. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कांदा काढायला तिला मीच नेलं होतं.” जुलैच्या परीक्षेपर्यंत तिला शेतात नेलं नाही. 43 गुण घेऊन पोरगी पास झाली. यंदा त्यांच्या धाकटीची प्रयोगवही दर शनिवारी बाबाच उघडून बघतात. सही नसेल तर विचारतात.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वह्या उघडा, आणि लेकरांना ‘का गं?’ विचारत राहा. नमस्कार.